कॅमेऱ्याआधी ऊन पाहावे

छायाचित्रण सुधारण्यासाठी महागडा कॅमेराच हवा, हा समज मला मान्य नाही. (कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याने असे म्हणणे शोभत नाही, हे खरे!)

रायपूरहून सुमारे ८० किलोमीटरवर, महानदीकाठी, सिरपूरचे लक्ष्मण मंदिर आहे. सातव्या शतकात राणी वासटेने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ उभारलेली ही विटांची वास्तू. प्रथम गेलो तेव्हा भर दुपार होती. पन्नासेक छायाचित्रे काढली. कोनाडे काळे, आकाश पांढरे फटक. दोष अर्थातच कॅमेऱ्यास दिला.

पुढे डिसेंबरात तोच कॅमेरा घेऊन सूर्योदयास पोहोचलो. मंदिर पूर्वाभिमुख आहे आणि हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे उगवतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवरून ऊन तिरपे सरकते व विटांतील कोरीवकाम उठून दिसते. त्या दिवशी अवघी नऊ छायाचित्रे काढली. त्यांतील एक माझ्या टेबलावर आहे.

डिजिटल कॅमेरा प्रत्येक छायाचित्राची वेळ आणि शटरचा वेग स्वतःच नोंदवितो. ती नोंद आपण पासबुकाइतक्या काळजीने वाचत नाही, एवढेच. सिरपूर दूर वाटल्यास शहरातील विवेकानंद सरोवर आहेच. येत्या रविवारी एकाच जागी उभे राहून सकाळी, दुपारी व सायंकाळी एकेक छायाचित्र काढावे आणि तिन्ही शेजारी ठेवून पाहावीत.