धुऱ्यावरची गाडी आणि पाच वर्षांचा विमा

कपाशीची वेचणी लागली की आपल्या शिवारात पांदणीवर आणि धुऱ्या-धुऱ्यावर गाड्या उभ्या दिसतात. पऱ्हाटी छातीला लागलेली, मधातल्या तुरीच्या ओळी डोक्याच्या वर. माणूस शंभर पावलं आत गेला की गाडी त्याच्या नजरेआड होते, आणि पांदणीवरून जाणाऱ्याला मात्र ती एकटी उभी दिसते. चोराला यापेक्षा सोयीची जागा शहरातही मिळत नसेल. तिथं निदान खिडक्या असतात.

या पानावर मी बोंडअळी, पाणी, बियाणं याबद्दल लिहीत असतो. आज मोटरसायकलबद्दल लिहितो, कारण हाही शेतीच्याच खर्चाचा विषय आहे. शंभर सीसीची नवी गाडी दारात येईपर्यंत पाऊण लाखाच्या पुढं जाते. कापसाला साडेसात हजार भाव धरा. म्हणजे दहा-अकरा क्विंटल कापूस, कोरडवाहू दोन एकराचं अख्खं पीक, तेही खर्च न वजा करता. दोन एकरात रानडुक्कर शिरू नये म्हणून आपण रात्र-रात्र जागल करतो. तेवढ्याच किमतीची वस्तू दिवसाढवळ्या एका हँडल लॉकवर सोडून आत जातो.

आता हँडल लॉकबद्दल. तो गाडीसोबत येतो म्हणून त्याच्यावर आपला फार विश्वास. खरं तर ती आत सरकणारी बोटभर लांबीची खिट्टी आहे. जोराच्या झटक्यानं ती तुटते हे प्रत्येक मिस्त्रीला माहीत आहे, आणि जे मिस्त्रीला माहीत ते चोरालाही माहीत. घिसलेल्या मेन स्विचला तर दुसऱ्याच गाडीची चाबी लागते. जुन्या गाड्यांमध्ये हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, बाजारात दुसऱ्याची गाडी घेऊन घरी आलेले लोकं प्रत्येक गावात एखाद-दोन निघतील.

डिस्क लॉकची जाहिरात खूप दिसते. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्यांना ड्रम ब्रेक आहे, त्याला ते बसतच नाही. आपल्या कामाची वस्तू साखळी. आणि साखळी तर गोठ्यात पडून आहे राजेहो! बैल विकले, साखळ्या राहिल्या. जाड कडीची बैलाची साखळी मागच्या चाकातून आणि बाभळीच्या बुडातून फिरवून चांगलं कुलूप लावलं तर गाडी उचलून मेटाडोरमध्ये टाकायची सोय संपते. हे लोखंड नरम असते, मोठ्या कटरनं तुटते, हे मान्य. बाजारात कडक पोलादाची साखळी मिळते, ती जास्त चांगली. पण चोराला लागणारा वेळ आणि होणारा आवाज, हे दोनच आपले पहारेकरी आहेत. पाच सेकंदाच्या कामाला पाच मिनिटं लागायला लागली की तो पुढच्या धुऱ्यावरची गाडी पाहतो. (पुढच्या धुऱ्यावर भाऊबंदाचीच गाडी असते, तो प्रश्न वेगळा.)

साखळी मागच्याच चाकात का? पुढचं चाक एका नटावर निघते. मागच्याला चेन-ब्रेकची भानगड असते. कुलूप जमिनीवर टेकू देऊ नका. खाली दगड असला की वरून हातोडा मारायला ऐरण आयतीच मिळते. आणि एक महत्त्वाचं: विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला गाडी कधीच बांधू नका. ओल्या दिवसात खांबात करंट उतरलेला असला तर साखळीतून गाडीत येतो. गाडी वाचवता-वाचवता माणूस जायचा.

ज्याच्या धुऱ्यावर झाड नाही त्यानं जाड गजाची कडी वाकवून सिमेंटमध्ये गाडावी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, वरवरचं काँक्रीट दोन वर्षात सैल होते. म्हणून दोन-अडीच फूट खोल खड्डा, खाली दगड, गजाचं टोक आत आडवं वाकवलेलं. गावातला वेल्डर आणि अर्धी पिशवी सिमेंट, एवढ्यात काम होते. विहिरीजवळ एक आणि पांदणीच्या तोंडाशी चार-पाच जणांत मिळून एक, इतक्या कड्या झाल्या तरी पुष्कळ. गाड्या एकाच ठिकाणी उभ्या राहिल्या की तिथं कोणी ना कोणी ये-जा करत राहते. एकट्या गाडीपेक्षा पाच गाड्या केव्हाही बऱ्या.

साखळी लावणाऱ्याचा नेहमीचा घोटाळा म्हणजे ती विसरून गाडी काढणं. स्पोक जातात, कधी माणूसही पडतो. हँडलला लाल चिंधी बांधायची, साखळी काढली की चिंधी काढायची.

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय चांगली. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी चालते आणि मधातच बंद पडते. चोर ढकलत नेत नाही, टाकून पळतो, असं पुष्कळदा होते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या, त्यांना हा उपाय चालत नाही. त्यांच्यासाठी सीटखाली किंवा टाकीखाली छुपा स्विच. आपल्याकडं मिस्त्री त्याला चोर स्विच म्हणतात. फक्त तो बसवताना नव्या गाडीची वायरिंग कापली तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, आणि सगळ्यांचा स्विच एकाच जागी बसवणारा मिस्त्री असला तर तो स्विच छुपा राहत नाही.

जीपीएसच्या डब्याबद्दल माझं मत थंड आहे. शहरात ठीक. आपल्याकडं त्याचं सिम, त्याचा रिचार्ज, आणि गाडी आठ-आठ दिवस उभी राहिली की बॅटरी उतरणं. बोरच्या जंगलाकडच्या किंवा आर्वी-कारंजाच्या डोंगराळ पट्ट्यातल्या शिवारात फोनलाच रेंज नसते, तिथं डब्याला कुठून येईल? ज्याची गाडी महाग आहे आणि रोज वर्धा-नागपूर करते त्यानं जरूर बसवावा. धुऱ्यावरच्या गाडीला आधी साखळी.

एक सवय मात्र कोणत्याही कुलपानं झाकली जात नाही. चाबी गाडीलाच ठेवणं. पांदण अरुंद, मागून बंडी किंवा ट्रॅक्टर आला तर त्याला गाडी बाजूला करता यावी म्हणून आपण चाबी लावून ठेवतो. शेजारधर्म म्हणून चांगलं आहे, पण विमा कंपनी याला निष्काळजीपणा म्हणते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका ट्रकच्या प्रकरणात, चालकानं चाबी गाडीत सोडली एवढ्यावरून दावा पूर्ण नाकारता येणार नाही, असं सांगितलं. पण पैसे द्यायला लावले ते पंचाहत्तर टक्के, आणि तेही इतक्या वर पर्यंत भांडल्यावर. मोटरसायकलसाठी दिल्लीपर्यंत कोण जाते? गाडी रुंद जागी लावा, दोनशे पावलं चाला.

विम्याचा विषय निघालाच आहे तर ज्याच्यासाठी मी आज लिहायला बसलो ते सांगतो. आमच्या शिवारातल्या एका कास्तकाराची गाडी पेरणीच्या दिवसात धुऱ्यावरून गेली. तीन वर्षांची गाडी. तो निश्चिंत होता, म्हणे, "पाच वर्षांचा इमा हाय आपला." एजंटनं कागद पाहून सांगितलं, हा थर्ड पार्टीचा आहे, चोरीचा नाही. त्या माणसानं विकत घेताना पाच वर्षांचे पैसे भरले होते, त्याला कोणी फोड करून सांगितली नव्हती. त्या हंगामात बियाणं, खत, मजूर बाया आणणं, सगळं त्यानं मागून आणलेल्या गाडीवर आणि पायी केलं. पेरणी आठ दिवस मागं पडली.

हा गैरसमज त्याच्या एकट्याचा नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. आपली गाडी चोरी गेली तर त्यात एक रुपया नाही. चोरीसाठी स्वतःच्या नुकसानीचा भाग लागतो, तो बहुतेक वेळा पहिल्याच वर्षापुरता दिलेला असतो आणि पुढं दरवर्षी आपल्याला काढावा लागतो. कागदावर दोन वेगळ्या तारखा असतात. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढून त्या दोन तारखा पहा, दुसरी तारीख उलटून गेलेली असेल तर गाडी चोरीसाठी उघडी आहे. हा हप्ता किती होतो ते एजंटला विचारा आणि एका फवारणीच्या खर्चाशी ताडून पहा. मिळणारी रक्कम मात्र नव्या गाडीची नसते. दरवर्षी ठरावीक टक्के कमी होत पाचव्या वर्षापर्यंत ती निम्म्यावर येते. गाडी कर्जावर असेल तर आधी फायनान्सवाल्याचे पैसे कटतात.

गाडी गेलीच तर आधी पोलीस. गावात दोन दिवस विचारपूस करत बसू नका. ११२ ला फोन, आणि ठाण्यात तक्रार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी ठाण्यानं तक्रार लिहून घ्यायची आहे. हिंगणघाटच्या बाजारातून गाडी गेली आणि तुम्ही समुद्रपूर तालुक्यातले असाल तरी "तिकडं जा" हे उत्तर चालत नाही. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. त्याच दिवशी विमा कंपनीला फोन. उशीर झालाच तरी हिंमत सोडू नका. २०२० मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पोलिसात तक्रार वेळेवर असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्या कारणावरून खरा दावा नाकारता येत नाही. चोरी गेलेला ट्रॅक्टर होता, पोलिसात त्याच दिवशी गेले, कंपनीकडं ५२ दिवसांनी. आपल्यासारख्यांच्याच कामाचा निकाल आहे.

कंपनी दोन्ही चाब्या मागते. दुसरी चाबी कुठं आहे हे घरात एकाला तरी ठाऊक पाहिजे. शोध न लागल्याचा पोलिसांचा 'अ' समरीचा कागदही लागतो, त्यासाठी महिने जातात, खेटे घालावे लागतात. मूळ आरसी साईड बॉक्समध्ये ठेवू नका, गाडीसोबत तीही चोराला जाते. डिजिलॉकरमधली आरसी चालते. इंजिन नंबर आणि हँडलजवळ ठोकलेला चेसिस नंबर, दोन्हीचे फोटो मोबाइलमध्ये घ्या आणि मुला-मुलीला पाठवून ठेवा. आपला जिल्हा दारूबंदीचा. चोरीच्या गाडीवर काय वाहून नेतील सांगता येत नाही, आणि ती पकडली तर नंबर तुमचा असतो. तक्रारीची तारीख आणि वेळ हाच मग तुमचा पुरावा.

गाडी सापडली तरी लगेच हातात येत नाही, ती मुद्देमाल होते. कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर सोडवता येते. जप्त गाड्या ठाण्यात सडत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं आहे. पण अर्ज करायला आरसी आपल्या नावावर पाहिजे. आपल्याकडं जुनी गाडी घेतली की स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात आणि फॉर्म २९-३० भरायचं राहून जाते. गाडी तुमच्या ताब्यात, आरसी पुलगावच्या कोणाच्या नावावर, विमा तिसऱ्याच्याच. अशी गाडी गेली की ती कागदोपत्री तुमची नव्हतीच.

शेवटी एक बोलायचं आहे, ते काहींना लागेल. दर काही महिन्यांनी पेपरात बातमी येते: टोळी पकडली, इतक्या मोटरसायकली जप्त. त्या गाड्या कोण घेतं? बरेच घेणारे खेड्यातले असतात. "वावरात न्यायाले पाह्यजे, कागद कायले लागते" म्हणून दहा-पंधरा हजारात बिनाकागदाची गाडी घेतली जाते, आणि सगळ्या गावाला ते माहीत असते. चोरीचा माल जाणून घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, नव्या संहितेत कलम ३१७, चोरीइतकीच तीन वर्षांपर्यंतची शिक्षा. कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब साधा आहे. आपण बिनाकागदाची गाडी घेतो म्हणून कोणाच्या तरी धुऱ्यावरून ती उचलली जाते. ग्रामपंचायती वेशीवर कॅमेरे लावतात, त्यातले किती चालू असतात ते तुम्ही पाहता. त्यापेक्षा बिनाकागदाची गाडी गावात ठेवायची नाही, असा ठराव ग्रामसभेत घ्यावा असं मला वाटते. मी आमच्याकडं हा विषय काढणार आहे. विरोध होईल, कारण अशा दोन-तीन गाड्या आमच्या गावातही आहेत.