पाणी शिळं होत नाही!

मंडळी, आज थोडं तावातावानेच लिहितो आहे. रागवायचं असेल त्यांनी खुशाल रागवावं.

आमच्या शहरात नळाला तीन दिवसांआड पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरोघरी पहिलं काम काय होतं? आधी साठवलेलं पाणी मोरीत ओतलं जातं. का, तर ते शिळं झालं! अहो, हेच पाणी धरणात महिनोन्महिने पडून होतं, तेव्हा ते ताजं होतं आणि पिंपात तीन दिवस झाकून ठेवलं की शिळं?

घरटी दोन बादल्या, म्हणजे तीस लिटर धरा. पन्नास हजार घरांचे झाले पंधरा लाख लिटर. आता २०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं. लातूरला पाणी भरण्याच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावावं लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, तेव्हा एका खेपेला पंचवीस लाख लिटर. २०११ च्या जनगणनेनुसार लातूरची वस्ती ३,८२,९४०. भागाकार करा, माणशी साडेसहा लिटर येतात. तेवढ्यासाठी सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त अंतर गाडी पळवली. आणि आपण दर पाळीला पंधरा लाख लिटर मोरीत घालवतो!

पण यात घरातल्या बायकांना दोष देऊ नका. पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस साठवतो, आणि नवं आलं की जुनं ओततो. दोष आहे या पाळीच्या पद्धतीचा. पाळी लावली म्हणजे पाणी वाचतं, ही आपल्या नगरपालिकांची अंधश्रद्धा आहे. तासभर पाणी येतं म्हणून जो तो नळाला मोटर लावतो. टेकाडावरच्या घराला थेंब मिळत नाही आणि उताराला अंगणं धुतली जातात. कितीतरी नळांना तोट्याच नाहीत, कारण तोटी लागते ती बंद करायला, आणि इथे बंद कोण करतो? शिवाय नळवाहिनी रिकामी झाली की फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. मग कावीळ, जुलाब आणि दवाखाना.

"पण मामा, चोवीस तास पाणी दिलं तर लोक उधळतील," असं माझा भाचा म्हणतो. शिकलेला मुलगा आहे, म्हणून त्याला कऱ्हाडशेजारच्या मलकापूरचं उदाहरण दिलं. तीसेक हजार वस्तीचं गाव. तिथल्या नगरपंचायतीने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास पाण्याची योजना २००९ च्या सुमारास सुरू केली. नवी नळवाहिनी टाकली, प्रत्येक नळाला मीटर बसवलं आणि दर टप्प्याटप्प्याने चढते ठेवले. कमी वापराल तर स्वस्त, जास्त वापराल तर महाग. कुणी पाणी उधळलं नाही. नळ सोडला की पाणी येणारच, हे ठाऊक असल्यावर पिंपं कोण भरून ठेवील?

मलकापूरला कोयनेचं पाणी आहे, आपल्याकडे कुठे नदी, असंही लोक म्हणतात. अहो, ज्याच्या घरात धान्य कमी त्यानेच मापटं जास्त जपून वापरायचं असतं!

मीटर म्हटलं की दुसरी ओरड होते, गरिबांवर अन्याय. मला सांगा, आज गरीब पाणी फुकट पितो का? ज्याच्या वस्तीत नळवाहिनी पोचली नाही तो टँकरवाल्याला घागरीमागे पैसे मोजतो. आणि बंगल्यातला साहेब वर्षाची ठोक पाणीपट्टी भरून हिरवळीवर पाणी मारतो. अन्याय तो हा! पहिला टप्पा अगदी स्वस्त ठेवा, आणि गाडी धुणाऱ्याकडून घसघशीत घ्या. मीटर म्हणजे खाजगीकरण, अशीही भीती घातली जाते. मलकापूरची योजना तिथल्या नगरपंचायतीनेच चालवली, कुठल्या कंपनीने नव्हे.

उरला उसाचा मुद्दा. "उसाला पाणी जातं ते आधी थांबवा, मग आम्हाला शिकवा." उसाबद्दलचं म्हणणं खरंच आहे. दुष्काळी मुलखात साखर कारखान्यांची रांग लावणं हे शहाणपण नव्हे. पण शेतकऱ्याने उलट विचारलं की तुमच्या शहरात धरणातून किती येतं आणि गळतीत किती जातं, तर आपण काय सांगणार? आपल्याकडे आकडाच नाही. हिशेब न ठेवणाऱ्याने दुसऱ्याचा हिशेब मागू नये, एवढं तर आम्ही शाळेतही शिकवत होतो.

म्हणून पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्या उमेदवाराला नवं धरण मागू नका, कूपनलिकाही मागू नका. एवढंच विचारा, "माझ्या नळाला मीटर कधी लावणार, आणि गळतीचा आकडा दर महिन्याला नगरपालिकेच्या फळ्यावर लिहिणार का?" उत्तर आलं नाही, तर मत कुणाला द्यायचं नाही ते तरी ठरेल!