परिसंस्थेचा धडा आणि कोयत्याची मुले

धाराशिव जिल्ह्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत परिसंस्थेचा धडा दिवाळीनंतर आला, तर तो ज्यांना सर्वांत लवकर उमगेल तीच मुले वर्गात नसतात. ती आईबापांच्या कोयत्यामागे उसाच्या फडात गेलेली असतात.

‘प्रत्येक मुलाच्या पातळीनुसार अध्यापन’ हा मंत्र हल्ली प्रशिक्षणवर्गांतून घोकला जातो. मंत्र वाईट नाही. पण पातळी ठरवायची कशाने? केवळ वाचनाच्या वेगाने? मग कोवळ्या ज्वारीत जनावर सोडले तर ते दगावते, हे जाणणारी शेळ्या राखणारी मुलगी ‘अप्रगत’ ठरते आणि अन्नसाखळीची आकृती पाठ करणारा सावकाराचा मुलगा हुशार! महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे शेतीचे धडे व लहानशा नमुना शेताची मागणी केली होती. ती मागणी अजून सरकारी दप्तराच्या तळाशीच आहे.

येडशीचे रामलिंग अरण्य आणि नळदुर्गची बोरी नदी या जिल्ह्याच्या उघड्या प्रयोगशाळा आहेत. तेथे मुलांना न्यायचे, एकाला मोजणी, दुसऱ्याला चित्र, तिसरीला आजीकडून झाडपाल्याची माहिती असे काम वाटून द्यायचे, तर शिक्षक हवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने या वर्गांसाठी विज्ञान-गणिताचा शिक्षक बंधनकारक केला आहे. तो जेथे नाही, तेथे एकच गुरुजी दोन वर्ग सांभाळून वर टपालही भरतात. त्यांना पातळ्यांचे तक्ते मागणे ही क्रूर थट्टा आहे.

कार्यकर्त्यांनी गावोगावी दोनच गोष्टी विचाराव्यात : हे पद भरले आहे काय, आणि हंगामी वसतिगृह टोळ्या निघण्यापूर्वी उघडते की नंतर?