पाडलं कोणी?

23 जून 2025 च्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात, हे दोहात कोणाला विचारावं लागत नाही. भेटल्यावर जो तो आपणहून सांगतो. आम्ही घरीच होतो. साडेसातच्या सुमाराला खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि आकाशात एकामागून एक ठिणग्या फुटल्या. पाचच मिनिटांत सांगलीहून आईचा फोन, "काय गं, तिकडे काय फुटतंय?" तिकडे दहा वाजले होते, आई टीव्हीसमोरच होती.

सहावीतल्या लेकाचा प्रश्न वेगळा होता. "आई, ही पाडली कोणी? कतारनं की अमेरिकेनं?"

सात वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे प्रश्न टाळता येत नाही. शोधायला बसले. कतारच्या सैन्यानं सांगितलं की एकोणीस क्षेपणास्त्रं आली, सात समुद्रावर पाडली, अकरा दोहाच्या आकाशात, आणि एक अल उदैद तळावर पडलं. अमेरिकेचे अध्यक्ष म्हणाले चौदा आली, तेरा पाडली. तीन दिवसांनी जनरल केन यांनी पॅट्रियट चालवणाऱ्या चव्वेचाळीस अमेरिकन सैनिकांचं कौतुक केलं. त्यांच्यात सर्वांत मोठा अठ्ठावीस वर्षांचा कॅप्टन, सर्वांत धाकटा एकवीस वर्षांचा. शेजारी कतारचे पॅट्रियटही होते, हेही ते म्हणाले. मग कुठलं कोणाचं? दोन तोफखाने एकाच लक्ष्यावर मारा करत असले की दोघांच्याही वहीत 'पाडलं' अशीच नोंद होते. आपल्या क्रिकेटसारखा तिसरा पंच तिथे नसतो.

युद्धाचा अभ्यास करणारे लोक ही गाठ सोडवायला वर्षानुवर्षं घालवतात. विशेषतः टेहळणी विमानांची, कारण ती बहुधा एकटीदुकटी जातात, साक्षीदार नसतो. एका बाजूला तुकडीची नोंदवही, दुसऱ्या बाजूला न परतलेल्या विमानाचा शेवटचा संदेश. दोन्ही जुळवायचं म्हणजे आधी घड्याळं जुळवायची. कोणी ग्रीनिचची वेळ लिहितो, कोणी स्थानिक. भारत आणि पाकिस्तानात अर्ध्या तासाचा फरक, आणि अर्ध्या तासात विमान कुठल्या कुठे जातं! इथे अडीच तासांचा हिशेब रोज करणाऱ्या आपल्याला हे सांगायला नको.

कारगिलचं घ्या. 21 मे 1999 ला छायाचित्रं काढायला गेलेल्या आपल्या कॅनबेरावर खांद्यावरून सोडलेलं क्षेपणास्त्र आदळलं. स्क्वाड्रन लीडर पेरुमल यांनी एका इंजिनावर ते विमान श्रीनगरला उतरवलं. विमानच हाती आल्यामुळे काय लागलं, कुठे लागलं, हे तपासता आलं. सहा दिवसांनी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा टेहळणीवर होते. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता विमानातून बाहेर पडल्याचं कळलं, तेव्हा त्यांचा ठावठिकाणा शोधायला ते तिथेच थांबले आणि त्यांचं मिग-21 क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं. दुसऱ्या दिवशी मृतदेह परत मिळाला, त्यावर गोळ्यांच्या जखमा होत्या. म्हणजे क्षेपणास्त्र सोडणारे कोण, एवढं कळून भागत नाही. खाली जमिनीवर त्यांच्यापर्यंत पहिलं कोण पोचलं, तेही कळायला हवं.

इथे मला दमयंती तांबे आठवतात. माहेरच्या सुभेदार, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे 5 डिसेंबर 1971 ला सुखोई-7 घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या धावपट्टीवर हल्ल्याला गेले. ते विमान टेहळणीचं नव्हतं, पण कोडं तेच. खालच्या विमानविरोधी तोफांनी ते पाडलं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच दिवसांत ढाक्याच्या 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर'मध्ये जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली आणि तीत एक नाव होतं 'टोंबे'. एका अक्षराच्या फरकावर बाईंनी आयुष्य काढलं. बेपत्ता चोपन्न जणांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, 1983 मध्ये आणि पुन्हा 2007 मध्ये. हाती काही लागलं नाही.

शोरकोटला ती तोफ ज्यांची होती, त्यांना पॅराशूट दिसलं असेल का? वैमानिकाला कोणाच्या ताब्यात दिलं, ते त्यांच्या वहीत असेल का? बाहेरच्याला 'कोणत्या तुकडीनं' हा प्रश्न पदकांचा, हौसेचा वाटतो. मलाही लेकानं विचारलं तेव्हा तसाच वाटला होता.

लेकाला हे सगळं सांगितलं, थोडं गाळून. तो उठला आणि त्याची वही घेऊन आला. त्या संध्याकाळी त्यानं मोजून ठेवलं होतं: आवाज किती, कुठल्या दिशेनं, किती वाजता. मी एकच दुरुस्ती केली. वेळेपुढे 'दोहा' लिहायला लावलं.