दप्तर हलके झाले, पाठ का दुखते?

सकाळचे साडेसहा वाजलेले. बंगळुरूतल्या एखाद्या मराठी घरात आई डबा भरत असते आणि नववीतली मुलगी बुटाची नाडी बांधायला वाकता वाकता मध्येच थांबते. "आई, कंबर दुखतेय गं."

"रात्री उशिरापर्यंत मोबाइल घेऊन लोळतेस, मग दुखणारच!" असे म्हणून आई विषय संपवते. बाबा दप्तर उचलून बघतात आणि म्हणतात, "एवढे ओझे वाहिल्यावर दुसरे काय होणार?" पुण्याहून आजीचा फोन येतो. तिचा सल्ला ठरलेला असतो, "पोरीला चार दिवस झोपवून ठेवा."

तिघांच्याही बोलण्यात थोडेफार तथ्य आहे. पण मूळ दुखणे तिघांच्याही नजरेतून निसटते.

एकटे दप्तरच दोषी?

दप्तराच्या ओझ्याची तक्रार जुनी आहे. विख्यात लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेत याच विषयाला वाचा फोडली होती. १९९३ मध्ये प्रा. यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाचा आग्रह धरला. कर्नाटक सरकारने २०१९ मध्ये इयत्तेनुसार दप्तराचे वजन ठरवून दिले. पहिली-दुसरीला जास्तीत जास्त २ किलो, तर नववी-दहावीला ४ ते ५ किलो. २०२३ मध्ये हाच आदेश पुन्हा काढण्यात आला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे. म्हणजे ४० किलो वजनाच्या मुलीच्या पाठीवर ४ किलो पुरे.

ही मर्यादा पाळायलाच हवी. मात्र अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून २०१८ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. केवळ दप्तराच्या वजनामुळे मुलांची पाठ दुखते, असा ठोस पुरावा त्यात मिळाला नाही. याचा अर्थ जड दप्तर चालेल असा नव्हे. पण दप्तर हलके करून पालकांनी निर्धास्त होऊ नये, एवढे मात्र खरे.

बसून सरणारा दिवस

दप्तर पाठीवर असते ते फार तर अर्धा-पाऊण तास. उरलेला दिवस कसा जातो, याचा हिशेब मांडून पाहावा. वाहतुकीत अडकलेल्या बसमध्ये बसणे, शाळेत बाकावर बसणे, संध्याकाळी शिकवणीला बसणे, रात्री गृहपाठाला बसणे आणि करमणूक म्हणून पुन्हा मोबाइल घेऊन बसणे! पुढे पीयूसीची दोन वर्षे आणि सीईटीची तयारी सुरू झाली की उरलासुरला खेळही बंद होतो. शाळेतला पीटीचा तास गणिताने कधी गिळला, ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हे केवळ बंगळुरूतच घडते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१६ मध्ये जगातील ११ ते १७ वर्षांच्या पाच मुलांपैकी चार मुलांना पुरेसा व्यायाम होत नव्हता आणि मुलींची स्थिती मुलांपेक्षाही वाईट होती.

पाठीचा कणा तंबूच्या खांबासारखा असतो. खांब कितीही भक्कम असला, तरी तो ताठ राहतो दोऱ्यांच्या आधाराने. पोटाचे, पाठीचे आणि नितंबांचे स्नायू म्हणजे या दोऱ्या. किशोरवयात उंची झपाट्याने वाढते. या काळात मांडीमागचे स्नायू अनेकदा आखडलेले असतात. त्यात तासन् तास पोक काढून बसले की दोऱ्या सैल पडतात आणि सगळा ताण कमरेवर येतो. अशा वेळी झोपवून ठेवले, तर स्नायू आणखी दुबळे होतात. फार दुखत असेल तर एखाद-दुसरा दिवस विश्रांती ठीक. पण त्यानंतर झेपेल तेवढी हालचाल सुरू करणे हाच इलाज. मनाने कमरपट्टा आणून बांधू नये.

अति तेथे माती

याची दुसरीही बाजू आहे. काही मुले दिवसभर बसतात आणि सुट्टीत एकदम शिबिरात जाऊन रोज तीन-चार तास वेगवान गोलंदाजी करतात. वाढत्या वयात कमरेला वारंवार मागे वाकवणे आणि पिळणे यामुळे मणक्याच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. गोलंदाजी, जिम्नॅस्टिक्स, बॅडमिंटन, नृत्य यांत हे दिसते. पाठीच्या दुखापतीने जसप्रीत बुमराहसारख्या कसलेल्या गोलंदाजालाही अनेक महिने मैदानाबाहेर ठेवले. मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया, मग बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत टप्प्याटप्प्याने सराव, आणि ऑगस्टमध्ये पुनरागमन. जी सबुरी त्याला दाखवावी लागली, ती चौदा वर्षांच्या मुलानेही दाखवायला हवी. खेळणाऱ्या मुलाची कंबर मागे वाकताना दुखत असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

रोजचा एक तास

५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा व्यायाम हवा आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा. त्यासाठी महागड्या जिमची गरज नाही. दोरीवरच्या उड्या, सायकल, कबड्डी, पोहणे, सूर्यनमस्कार, यांतले मुलाला आवडेल ते. जोडीला सेतुबंधासन, मार्जारासन आणि मांडीमागचे स्नायू ताणण्याचा व्यायाम दहा मिनिटे. कोणत्याही प्रकाराने दुखणे वाढले, तर तो तिथेच सोडावा.

अभ्यासाला बसताना पाऊले जमिनीला टेकावीत, टेकत नसतील तर पायाखाली पाट घ्यावा. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवून डोळ्यांच्या पातळीत आणावा. दर अर्ध्या तासाने उठून पाणी पिऊन यावे. दप्तर दोन्ही खांद्यांवर, पाठीला चिकटून घ्यावे. आणि कर्नाटकात राहून नाचणीला विसरू नये. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मुद्दे आवडत नसतील, तर भाकरी किंवा आंबील करावी.

दुखणे अंगावर काढू नका

मुलांच्या बहुतेक पाठदुखीमागे गंभीर आजार नसतो. पण काही लक्षणांकडे 'अभ्यासाचा कंटाळा' म्हणून दुर्लक्ष करणे महागात पडते. रात्री झोपेतून जाग आणणारे दुखणे, ताप, वजन घटणे, पायात मुंग्या येणे किंवा बळ कमी होणे, पडल्यानंतर सुरू झालेली वेदना, तीन-चार आठवडे न थांबणारी वेदना, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांकडे जावे. लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो, हे विसरून चालणार नाही. पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू वर आलेली दिसली, तर कणा एका बाजूला वळलेला असू शकतो. तेही वेळीच तपासून घ्यावे.

आणि आई-बाबांसाठी एक गोष्ट. स्वतः सोफ्यावर बसून "जा, जरा खेळ" असे सांगितले, तर मुले ऐकत नाहीत. रविवारी सकाळी लालबागेत किंवा कब्बन पार्कात फेरी मारायला निघताना "चल" म्हणावे. चार रविवारांनंतर कदाचित तीच आई-बाबांना उठवायला येईल.