इस्टेट घेतली, देणी कुणाची?

इस्टेट घेणाऱ्याने देणीही घ्यावीत, हा हिशेब आपल्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. जर्मनीतल्या एसेन शहराच्या क्रुप घराण्याने मात्र हा हिशेब दीडशे वर्षं एकाच बाजूने मांडला, आणि जगाने त्याला उद्योगशीलता म्हटलं.

१८११ साली फ्रीडरिश क्रुपने पोलादाचा कारखाना काढला. तो वारला तेव्हा कारखाना कर्जात होता आणि मुलगा आल्फ्रेड चौदा वर्षांचा. त्या मुलाने कारखाना सावरला. रेल्वेच्या चाकांसाठी बिनसांध्याच्या पोलादी धावा केल्या. तशा तीन धावा एकमेकींत अडकवून कंपनीचं बोधचिन्ह झालं. त्याने कामगारांना घरं दिली, आजारपणासाठी निधी काढला. तोफाही ओतल्या आणि १८७०च्या युद्धात प्रशियाने त्या फ्रान्सवर चालवल्या. घराण्याचे भाट इथवर मोठ्या आवाजात गातात. पुढे आवाज खाली येतो.

१९४३ साली हिटलरने या एका घराण्यासाठी खास हुकूम काढला. त्यानुसार सगळा कारभार थोरला मुलगा आल्फ्रीड याच्या एकट्याच्या मालकीचा झाला. युद्धकाळात क्रुपच्या कारखान्यांत सुमारे एक लाख माणसं वेठीला धरली गेली: व्यापलेल्या देशांतून आणलेले मजूर, युद्धकैदी, छळछावण्यांतले कैदी. १९४४मध्ये एसेनला आणलेल्या सुमारे पाचशे ज्यू स्त्रिया त्यांतल्याच. आजारपणाचा निधी यांच्यासाठी नव्हता.

न्यूरेंबर्गच्या मुख्य खटल्यात बाप गुस्ताव आरोपी होता. तो खटल्याला उभं राहण्याच्या अवस्थेत नव्हता. त्याच्या जागी मुलाला उभं करा, ही मागणी न्यायाधीशांनी फेटाळली. योग्यच केलं, बापाच्या अपराधासाठी मुलाला कुणी फासावर देऊ नये. पण मग आल्फ्रीडवर त्याच्या स्वतःच्या कृत्यांसाठी खटला झाला. १९४८ साली लूट आणि वेठबिगारी हे गुन्हे सिद्ध झाले. शिक्षा बारा वर्षांची, शिवाय सगळी मालमत्ता जप्त.

‘सरकारपुढे त्यांचं काय चालणार होतं?’ हा प्रश्न आजही भाबडेपणाने विचारला जातो. तो बचाव कोर्टातही झाला होता आणि कोर्टाने तो नाकारला. माणसं गळ्यात मारली गेली नव्हती, कंपनीला ती हवी होती.

तरीही १९५१ साली अमेरिकन उच्चायुक्त जॉन मॅक्लॉय यांनी आल्फ्रीडला सोडलं आणि इस्टेटही परत केली. इतर उद्योगपतींची मालमत्ता जप्त झाली नव्हती, मग याचीच का, असा युक्तिवाद होता. या तर्काने इतरांचीही जप्त करता आली असती! शीतयुद्धाला पश्चिम जर्मनीचं पोलाद हवं होतं, हे त्या कागदात लिहिलेलं नव्हतं इतकंच. १९५३मध्ये आल्फ्रीडने कोळसा आणि पोलादातली मालकी विकण्याचं कबूल केलं; ती विक्री त्याने अखेरपर्यंत टाळली. १९५९मध्ये ज्यू वेठबिगारांना माणशी पाच हजार मार्कांपर्यंत देण्याचा करार झाला, पण कायदेशीर जबाबदारी मान्य न करता. म्हणजे देणं नाकारायचं आणि दान करायचं.

शेवटचा वारस आर्न्ट याने वारसा सोडला, तोही वर्षाला वीस लाख मार्कांच्या तनख्यावर. आल्फ्रीड १९६७ साली गेला. संपत्ती त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानाकडे आली. ते आज कला आणि विज्ञानाला मदत करतं. कामं चांगली आहेत. पण पाटीवर नाव आहे ते वेठबिगारीसाठी शिक्षा झालेल्या माणसाचं.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल, तर ओडिशातलं राउरकेला आठवावं. तिथल्या पोलाद कारखान्यासाठी आपल्या सरकारने क्रुप आणि डेमाग या कंपन्यांशी करार केला तो १९५३ साली. आल्फ्रीडला तुरुंगातून सुटून तीन वर्षंही झाली नव्हती. नव्या देशाला पोलाद हवं होतं, हे मान्य. पण पोलाद घेताना हा हिशेब मांडायला कुणी आडवलं होतं? राउरकेल्यासाठी ज्या आदिवासींची गावं उठली, त्यांच्यासमोर तरी तो मांडायला हवा होता. एका घराण्याने देणी कशी टाळली हे त्यांना आधी कळलं असतं, तर आपली वसूल करताना उपयोगी पडलं असतं.