जागा मोजक्या, भाव चढे

धंद्याला बरकत आली की व्यापाऱ्यापुढे दोन वाटा असतात. जागा वाढवायची किंवा भाव वाढवायचा. पण जागा वाढण्यासारखीच नसेल तर? अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानाची हकीकत आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी या दृष्टीने जरूर पाहावी.

हे मैदान १९१२ साली सुरू झाले. अमेरिकेच्या मोठ्या लीगमधील हे सर्वांत जुने मैदान. चहूबाजूंनी रस्ते, त्यामुळे आसने जेमतेम ३७ हजारांच्या घरात. कित्येक खुर्च्या अरुंद, काहींच्या पुढे खांब. १९९९ मध्ये शेजारी नवे मैदान बांधण्याची योजना निघाली होती. २००२ साली रेड सॉक्स हा संघ नव्या मालकांकडे आला आणि त्यांनी जुनी वास्तूच राखली. २००३ मध्ये त्यांनी ३७ फूट उंचीच्या प्रसिद्ध हिरव्या भिंतीवर आसने बसवली, २००४ मध्ये उजवीकडच्या छपरावर. जमीन नव्हती म्हणून त्यांनी वर जागा शोधली. या अकलेला दाद द्यावीच लागेल.

पण भावाचे काय? इथले सरासरी तिकीट अनेक वर्षे लीगमध्ये सर्वांत महाग राहिले. मालकांचा हिशेब अगदीच खोटा नाही. खेळाडूंचे पगार मोठे, जुन्या वास्तूची डागडुजी खर्चाची. शिवाय मागणी असताना भाव कमी ठेवला तर मधला फरक काळ्या बाजारवाल्याच्या खिशात जातो.

तरीही आमचे मत असे की, या हिशेबात एक रकाना राहून गेला. मे २००३ पासून एप्रिल २०१३ पर्यंत सलग ८२० सामने 'हाऊसफुल्ल' नोंदले गेले. गर्दीचे मोठे कारण होते यश. २००४ साली ८६ वर्षांनी अजिंक्यपद आले, २००७ मध्ये पुन्हा आले. २०१२ मध्ये मात्र संघ आपल्या गटात तळाला गेला आणि रिकाम्या खुर्च्या दिसू लागल्या. वहीत मात्र मैदान भरलेलेच, कारण फुकट वाटलेली व उभ्याची तिकिटेही मोजली जात. अखेर २०१३ च्या एप्रिलमध्ये ही मालिका तुटली. आपली वही आपल्यालाच फसवू लागली की व्यापाऱ्याने सावध व्हावे.

न्यूयॉर्कमध्येही हेच दिसले. यांकीज संघाने २००९ साली जुन्यापेक्षा कमी आसनांचे नवे मैदान उघडले. पुढच्या रांगेतील २,५०० डॉलरच्या काही जागा ओस पडल्या आणि त्याच महिन्यात त्यांचा भाव निम्मा करावा लागला.

श्रीमंत गिऱ्हाइकाकडून चढा भाव जरूर घ्यावा. पण बेसबॉलचे गिऱ्हाईक लहानपणी बापाचे बोट धरून मैदानात येते, तेव्हाच तयार होते. कामगार बाप दोन मुलांना घेऊन येऊ शकला नाही, तर वीस वर्षांनंतरच्या खुर्च्या आजच रिकाम्या झाल्या असे समजावे. पुढे रेड सॉक्सने विद्यार्थ्यांसाठी ९ डॉलरची तिकिटे काढली. ही मेहेरबानी नव्हे, उद्याच्या धंद्याचे बियाणे आहे. प्रत्येक सामन्याला काही जागा अशा साध्या माणसासाठी कायमच्या राखून ठेवाव्यात.

जागा मोजक्या असणे हे दुकानदाराचे नशीब. त्या कोणाला द्यायच्या, हा त्याचा निर्णय. आणि धंदा किती पिढ्या चालेल, हे त्याच निर्णयावर ठरते.